सलोखा टिकतो कसा? सहिष्णुतेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाविद्यालयांत, वस्त्यांत आणि गृहनिर्माण संस्थांच्या सभांत मी वेगवेगळ्या समूहांतल्या संबंधांबद्दल बोलायला जातो. भाषण संपतं, चहा येतो आणि मग माणसं जवळ येऊन खरे प्रश्न विचारतात. त्यातले जे पुन्हा पुन्हा येतात ते इथे उतरवले आहेत. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. सलोखा मनाच्या मोठेपणावर थोडा अवलंबून असतो. माणसं कुठे, कशासाठी आणि किती नियमाने एकत्र बसतात यावर पुष्कळ. गेल्या सत्तर वर्षांतलं समाजमानसशास्त्र वाचून मी या मताला आलो आहे.

सहिष्णू असणं म्हणजे सगळ्यांवर प्रेम करणं का?

नाही. शेजारी गणपती बसवतात आणि मला आरती आवडते, यात माझी सहिष्णुता कसली? मला आरती आवडते, एवढंच. परीक्षा लागते ती काहीतरी खटकतं तेव्हा. पहाटेचा भोंगा, रात्रीचा डीजे, जिन्यात दरवळणारा सुक्या बोंबलाचा वास, कुणाचा पोशाख, कुणी केलेलं लग्न. जर्मन तत्त्वज्ञ रायनर फोर्स्ट यांनी याची फोड छान केली आहे: आधी मनात आक्षेप असतो, मग तो बाजूला ठेवायला लावणारं एखादं मोठं कारण असतं आणि शेवटी एक सीमा असते, जिच्यापलीकडे काहीही चालवून घ्यायचं नसतं. नेदरलँड्सचे समाजमानसशास्त्रज्ञ मायकेल व्हर्कॉयटेन यांनी ही मांडणी मानसशास्त्रात आणून तिच्यावर बरंच काम केलं.

ही फोड महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे सगळा भर ‘मनं स्वच्छ करा’ यावर असतो. मन स्वच्छ व्हायला आयुष्य जातं. पण मनात नावड असतानाही माणूस शेजाऱ्याचा हक्क मानू शकतो आणि शहरात रोज हजारो माणसं तसं करतातही. पूर्वग्रह कमी करणं हे एक काम, नावडत्या गोष्टीला जागा देणं हे दुसरं. दोन्ही करावीत, पण एकाचं माप दुसऱ्याला लावू नये.

मी सहिष्णू आहे हे ओळखायचं कसं?

जो समूह तुम्हाला सगळ्यात नकोसा वाटतो तो मनात आणा. त्याला सभा घ्यायला, आपलं म्हणणं मांडायला, तुमच्या गावात घर घ्यायला तुमची परवानगी आहे का? अमेरिकेत १९५० च्या दशकात लोकांना कम्युनिस्टांबद्दल असे प्रश्न विचारले गेले होते. वीस वर्षांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले तर उत्तरं बरीच उदार दिसली. सगळे खूश झाले. १९७९ मध्ये जॉन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी पद्धत बदलली. तुमचा सगळ्यात नावडता गट तुम्हीच निवडा, असं त्यांनी लोकांना सांगितलं आणि मग प्रश्न विचारले. तेव्हा दिसलं की उदारपणा वाटला होता तितका वाढलेला नव्हता. राग दुसऱ्या गटांकडे वळला होता.

‘आम्ही तुम्हाला सहन करतो’ हा अपमान नाही का?

आहे, आणि हा प्रश्न विचारणारे बहुधा सहन केले गेलेले असतात. व्हर्कॉयटेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं कामच सांगतं की ‘आपल्याला खपवून घेतलं जातंय’ ही जाणीव अल्पसंख्य माणसाला बोचते. छळ होण्यापेक्षा हे बरं, पण आपलं मानलं जाण्यापेक्षा फार कमी. खपवून घेणारा कधीही हात आखडता घेऊ शकतो, ही टांगती तलवार राहतेच.

महाराष्ट्रात हे नव्याने सांगायची गरज नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ मध्ये मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तसा ठराव केला. कागदावर तळं खुलं झालं. प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर चालत जावं लागलं, आणि त्या दिवशी माणसांना मारही खावा लागला. तिथली मागणी ‘आम्हाला सहन करा’ अशी नव्हती. पाणी सगळ्यांचं आहे, ही होती. म्हणून मी सहिष्णुतेकडे पहिली पायरी म्हणून पाहतो. तिच्यावर उभं राहून बंधुतेकडे जाता येतं. पण पहिलीच पायरी मोडकी असेल तर वर जायचं कुठून?

आपला-परका हा भेद माणसात जन्मतःच असतो ना?

गट करण्याची खोड जुनी आहे. द्वेष मात्र शिकवावा लागतो.

हेन्री ताजफेल हे पोलंडमध्ये जन्मलेले ज्यू. फ्रेंच सैन्यातून लढताना ते जर्मनांच्या हाती लागले, युद्धकैदी म्हणून जगले. परत आले तेव्हा जवळचं जवळपास कुणीच उरलं नव्हतं. पुढे ब्रिस्टलमध्ये प्राध्यापक असताना १९७० च्या सुमारास त्यांनी १४-१५ वर्षांच्या शाळकरी मुलांवर प्रयोग केले. क्ले आणि कँडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रं जास्त आवडतात, एवढ्याशा निमित्ताने मुलांचे दोन गट पाडले. आपल्या गटात कोण आहे हेही मुलांना ठाऊक नव्हतं. मग त्यांना इतरांमध्ये थोडे पैसे वाटायला सांगितले. मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं, यात फारसं नवल नाही. नवल पुढचं आहे. एका तक्त्यात एका टोकाला आपल्या गटाला १९ आणि समोरच्या गटाला २५ असा पर्याय होता, दुसऱ्या टोकाला आपल्याला ७ आणि त्यांना १. मुलांचा कल या दुसऱ्या टोकाकडे होता. आपल्याला कमी मिळालं तरी चालेल, पण त्यांच्यापेक्षा जास्त मिळायला हवं.

इथे बरेच जण थांबतात आणि म्हणतात, ‘बघा, माणूस असाच.’ मला ते पटत नाही. मुलांनी आपल्यांना जास्त दिलं, परक्यांना इजा केली नाही. मॅरिलिन ब्रुअर यांनी पुढे हेच ठामपणे मांडलं की आपल्यांवरची माया आणि परक्यांचा द्वेष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप निघत नाही. तिच्यात भीती, अपमानाची आठवण आणि टंचाई मिसळावी लागते, आणि मिसळणारेही लागतात.

शिबिरात मुलांना आपसात भांडायला लावलं तो प्रयोग खरा आहे का?

खरा आहे, पण त्याची अर्धीच गोष्ट सांगितली जाते.

सांगितली जाते ती गोष्ट अशी. १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्की मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ओक्लाहोमात २२ मुलांचं शिबिर घेतलं. मुलं अकरा-बारा वर्षांची, साध्या घरांतली. दोन गट सुरुवातीपासून वेगळे ठेवले. एकाने स्वतःला ‘गरुड’ म्हणवलं, दुसऱ्याने ‘रॅटलर’ हे विषारी सापाचं नाव घेतलं. मग बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. काही दिवसांत शिव्या, झेंड्यांची जाळपोळ, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी. नंतर दोघांना एकत्र जेवायला बसवलं, सिनेमा दाखवला, तर अन्नाची फेकाफेक झाली. शेवटी शिबिराचं पाणी बंद पडलं (पाडलं होतं) आणि बिघाड शोधायला सगळ्यांनाच फिरावं लागलं. खाणं आणायला निघालेली गाडी अडली, ती दोन्ही गटांनी मिळून ओढली. अशी सामाईक कामं पडत गेली तसा कडवटपणा उतरला.

आता न सांगितलेली अर्धी. आदल्याच वर्षी, १९५३ मध्ये, शेरीफ यांनी न्यूयॉर्क राज्यात असंच शिबिर घेतलं होतं आणि ते फसलं. का? तिथे मुलांना पहिले काही दिवस एकत्र राहू दिलं होतं. ती एकमेकांची मित्र झाली आणि मग गट पाडले गेले. भांडण लागावं म्हणून कर्मचाऱ्यांनी गुपचूप खोड्या काढल्या, तरी मुलं एकमेकांवर उलटेनात. हे मोठ्यांचंच काम असावं, असा संशय त्यांनी घेतला आणि तो बरोबर होता. प्रयोग गुंडाळावा लागला.

मला या फसलेल्या शिबिराचं मोल जास्त वाटतं. आधी ओळख झालेली असली की आग लावणाऱ्याचं काम अवघड होतं. आणि ओळख झालेल्यांनाच ‘ही काडी कुणी टाकली?’ असं विचारायचं सुचतं.

मग सगळ्यांनी एकत्र राहिलं की झालं?

नुसतं शेजारी राहून होत नाही. कधी कधी उलटंही होतं. राज्यशास्त्रज्ञ रायन एनोस यांनी अमेरिकेतल्या बॉस्टनच्या गोऱ्या उपनगरांतल्या रेल्वे फलाटांवर स्पॅनिश बोलणाऱ्या माणसांच्या जोड्या रोज त्याच गाडीला उभ्या केल्या. बाकी काही नाही, उभं राहायचं आणि आपसात बोलायचं. थोड्याच दिवसांत रोजच्या प्रवाशांची स्थलांतरितांबद्दलची मतं कडक झाली. जास्त दिवस गेल्यावर ती काहीशी सैलावली.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच सांगितलं होतं की संपर्काचा उपयोग व्हायला काही अटी लागतात. दोन्ही बाजूंना त्या प्रसंगात बरोबरीचं स्थान हवं. ध्येय एक हवं. ते गाठायला एकमेकांची गरज हवी. आणि कायदा, प्रशासन, वडीलधारी अशा कुणाचं तरी त्याला पाठबळ हवं. मालक आणि मोलकरीण वीस वर्षं एका छताखाली असतात. कपबशी वेगळी असते ती वेगळीच राहते. बरोबरी नसेल तर जवळीक काही बदलत नाही, हे ज्यांच्या घरी अशी वेगळी कपबशी आहे त्यांना मी सांगायला नको.

थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ३८ देशांतले ५१५ अभ्यास एकत्र तपासले. अडीच लाखांवर माणसांची माहिती त्यात होती. संपर्काने पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो, असंच चित्र निघालं. ऑलपोर्टच्या सगळ्या अटी पुऱ्या नसल्या तरी थोडा फरक पडतो, पुऱ्या असल्या तर जास्त. दुसरी बाजूही लक्षात ठेवायला हवी: एक वाईट अनुभव एका चांगल्या अनुभवापेक्षा खोल जातो. सुदैवाने रोजच्या आयुष्यात चांगल्या भेटी संख्येने जास्त असतात.

भिवंडीचं उदाहरण नेहमी देतात. तिथे नेमकं काय झालं होतं?

यावर मी जरा सविस्तर लिहितो, कारण हे आपल्या दारातलं उदाहरण आहे आणि मुंबईतल्या माणसांनाही ते पुरतं ठाऊक नसतं.

भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं शहर. उत्तर भारतातून आलेले मोमीन-अन्सारी विणकर, पिढ्यान्‌पिढ्यांचे कोकणी मुसलमान, तेलुगू बोलणारे पद्मशाली, आगरी, गुजराती-मारवाडी व्यापारी, अशी सरमिसळ. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीतून तिथे दंगल पेटली. चौकशीला न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला. १९८४ च्या मे महिन्यात पुन्हा तेच, आणि या वेळी आग ठाणे-मुंबईपर्यंत गेली. ‘भिवंडी’ या नावाबरोबर ‘दंगल’ हा शब्द चिकटला.

१९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या आधीही होत्या. पण त्यात पुढारी आणि प्रतिष्ठित बसत, सणाच्या आधी एकदा भेटत, फोटो निघत. खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या उभारल्या आणि त्यात तिथेच राहणारी साधी हिंदू-मुसलमान माणसं घेतली. त्या भागाचा पोलीसही बैठकीला असे. बैठका नियमाने होत, तणाव असो वा नसो. आणि तिथे चर्चा धर्माची नसे. शेजाऱ्यांची भांडणं, वस्तीतल्या बारीकसारीक कटकटी, तक्रारी, असले विषय. मला यातलं शहाणपण इथेच दिसतं. सर्वधर्मसमभावावर बोलायला बसवलं की माणूस आपापल्या धर्माचा वकील होतो. भांडण मिटवायला बसवलं की तो गल्लीतला रहिवासी होतो.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पडली. त्यानंतर डिसेंबर आणि जानेवारीत मुंबई जळाली. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालाप्रमाणे ९०० माणसं गेली. मुंबईच्या वेशीवरची, सगळ्यांनी जिची धास्ती घेतली होती ती भिवंडी शांत राहिली.

आता ऑलपोर्टच्या अटी इथे लावून पाहा. बैठकीत कुणी मोठा-लहान नाही, काम सामाईक, एकट्याने होणारं नाही, आणि वर पोलीस उपायुक्त उभा. काही जण म्हणतात, शांतता धंद्यामुळे राहिली. माग बंद पडले तर सगळेच उपाशी. पण माग १९७० लाही चालत होते आणि १९८४ लाही. धंद्याचं हितसंबंधांचं जाळं होतंच. कमी होती ती अफवा उठल्यावर दहा मिनिटांत एकमेकांना खरंखोटं विचारू शकणाऱ्या माणसांची.

हे सगळं कायमचं होतं असा दावा मी करणार नाही. २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत हिंसा झाली, दोन पोलीस शिपाई मारले गेले आणि पोलीस गोळीबारातही माणसं गेली. ती हिंदू-मुस्लिम दंगल नव्हती. पोलीस आणि लोक यांच्यातला विश्वास तुटला होता, म्हणजे ज्या तिसऱ्या पायावर ती समिती उभी असते तोच. व्यवस्था माणसांनी चालवावी लागते. अधिकारी बदलला आणि बैठक बंद झाली की तिचा जोर ओसरतो.

पण खेड्यात समित्या कुठे असतात? तिथे दंगली कमीच होतात की.

बरोबर आहे. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा हिशेब मांडला, त्यात ग्रामीण भागातले मृत्यू एकूण मृत्यूंच्या ४ टक्क्यांहूनही कमी निघाले. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, रोजची ऊठबस पुरते. शहरात ती पुरत नाही. तिथे संघटना लागतात: व्यापारी मंडळ, कामगार संघटना, वाचनालय, क्लब, ज्यात दोन्हीकडचे सभासद असतील.

वार्ष्णेय यांनी केरळातलं कालिकत आणि उत्तर प्रदेशातलं अलीगढ शेजारी ठेवून पाहिलं. दोन्हीकडे मुसलमानांचं प्रमाण साधारण सारखं. कालिकतमध्ये जवळपास ९० टक्के कुटुंबांनी सांगितलं की हिंदू-मुसलमान मुलं एकत्र खेळतात. अलीगढमध्ये ४२ टक्क्यांनी. अयोध्येच्या आंदोलनाच्या काळात अफवा दोन्ही शहरांत पोचल्या. कालिकतमध्ये त्या खोडून काढणारी माणसं एकाच मंडळाची सभासद होती. अलीगढमध्ये ज्या समित्या होत्या त्या आपापल्या वस्तीच्या रक्षणासाठी, एकाच धर्माच्या.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. गावातली ही शांतता हिंदू-मुस्लिम दंगलीपुरती आहे. जातीच्या अत्याचाराचा हिशेब मांडला तर गावाचं चित्र असं राहणार नाही.

क्रिकेटने माणसं जोडली जातात का?

संघ कसे पाडता त्यावर आहे. अर्थतज्ज्ञ मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींचे १,२६१ तरुण निवडले आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या क्रिकेट लीग घेतल्या. काहींना मिश्र जातींच्या संघांत घातलं, काहींना एकाच जातीच्या. मिश्र संघात खेळलेल्यांच्या इतर जातींत मैत्र्या वाढल्या, निवड करताना आपल्या जातीला झुकतं माप देणं कमी झालं. विरुद्ध संघात समोरासमोर आलेल्यांच्या बाबतीत मात्र असा फायदा झाला नाही. म्हणून ‘हिंदू इलेव्हन विरुद्ध मुस्लिम इलेव्हन’ असा सलोखा सामना कुणी भरवत असेल तर त्याला थांबवा. हेतू चांगला असतो, परिणाम नसतो.

सल्मा मूसा यांनी इराकमध्ये असंच फुटबॉल खेळवून पाहिलं. आयसिसने घरादारातून हाकललेले ख्रिस्ती खेळाडू, काही संघांत मुसलमान सहकारी. सहा महिन्यांनीही मिश्र संघातले ख्रिस्ती खेळाडू मुसलमानांबरोबर सराव करत होते. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुसलमानांबद्दलचा विश्वास तितका वाढला नाही. ज्यांनी एवढं गमावलं त्यांच्याकडून एका हंगामात याहून जास्त मागणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

आमच्या सोसायटीत ‘आम्हाला काही नाही हो, पण बाकीच्यांना चालणार नाही’ असं म्हणतात. यावर काय करायचं?

हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे. आमच्या इमारतीतल्या एका सदस्याला फ्लॅट एका मुसलमान कुटुंबाला भाड्याने द्यायचा होता. पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडून सभा भरली. विषय निघाला तसे पहिले काका म्हणाले, ‘माझं वैयक्तिक काहीच म्हणणं नाही, पण लोकांचा विचार करायला हवा.’ दुसरे म्हणाले, ‘मी तर आखातात बारा वर्षं काढली, मला काय फरक पडतो? पण इथल्या बायकांना अवघड होईल.’ बायकांपैकी एक वहिनी म्हणाल्या, ‘आम्हाला कसलं अवघड? पण ज्येष्ठ नागरिक आहेत ना.’ ज्येष्ठ नागरिक म्हणजे ते पहिले काका. वर्तुळ पुरं झालं. सभेत एकाही माणसाने ‘मला नको’ म्हटलं नाही, आणि घर मिळालं नाही. मीही त्या दिवशी वेळेवर बोललो नाही, याची मला आजही लाज वाटते.

यातली काही वाक्यं आडून दिलेला नकार असतील, मान्य. पण काही खरी होती. प्रत्येकाला वाटत होतं की विरोध इतरांचा आहे. सौदी अरेबियात अर्थतज्ज्ञांनी तरुण विवाहित पुरुषांना विचारलं की बायकांनी बाहेर नोकरी करावी का. बहुसंख्यांचा खाजगीत पाठिंबा होता. इतर पुरुषांचा मात्र नसेल असं त्यांना वाटे. खरं प्रमाण कळल्यावर यातल्या अनेकांनी बायकोचं नाव नोकरीसाठी नोंदवलं. मत बदललं नाही, इतरांबद्दलचा अंदाज बदलला.

म्हणून सभेच्या आधी घरोघरी जाऊन विचारा: ‘तुम्हाला स्वतःला चालेल का?’ चिठ्ठीवर उत्तर घ्या. आकडा सभेत वाचून दाखवा. आणि पहिलं बोलणारा माणूस आधीच ठरवून ठेवा, कारण पहिल्या वाक्यावर सभा फिरते.

भारतीय माणूस मुळात सहिष्णू आहे की नाही?

प्यू या संशोधन संस्थेने २०१९ च्या अखेरीपासून २०२० च्या सुरुवातीपर्यंत देशभरात जवळपास ३०,००० लोकांशी बोलून पाहिलं. सगळ्या धर्मांचा आदर करणं हे खरा भारतीय असण्यासाठी फार महत्त्वाचं, असं ८४ टक्के लोक म्हणाले. त्याच पाहणीत ३६ टक्के हिंदूंनी सांगितलं की मुसलमान शेजारी नको. आपल्या धर्मातल्या स्त्रियांनी बाहेर लग्न करू नये, यासाठी त्यांना रोखणं फार महत्त्वाचं मानणारे हिंदूंत ६७ टक्के, मुसलमानांत ८०.

याला मी ढोंग म्हणणार नाही. आपल्याकडे आदराचा अर्थ ‘तुम्ही तुमच्या जागी, आम्ही आमच्या’ असा रुजला आहे. हेही एक प्रकारचं सहजीवन आहे, आणि शांततेच्या दिवसांत ते चालतं. तणावाच्या दिवशी दोन जागांच्या मध्ये कुणी ओळखीचं उभं नसतं.

सगळ्यांनी फक्त ‘भारतीय’ म्हणून वागलं तर प्रश्नच संपेल ना?

मोठी ओळख उपयोगी पडते, यात शंका नाही. इंग्लंडमध्ये मँचेस्टर युनायटेडच्या चाहत्यांवर प्रयोग झाला. रस्त्यात एक धावणारा पाय घसरून पडतो. अंगात मँचेस्टरचा शर्ट असेल तर मदत मिळते, वैऱ्याचा म्हणजे लिव्हरपूलचा असेल तर फारशी नाही. पण आधी ‘फुटबॉलप्रेमी’ म्हणून त्यांच्याशी बोलणं झालं असेल तर लिव्हरपूलवाल्यालाही हात दिला जातो. साधा शर्ट घातलेला मात्र तेव्हाही मागेच राहतो. वर्तुळ मोठं झालं, कुंपण गेलं नाही.

‘फक्त’ या शब्दाला माझा विरोध आहे. कॅनडाने १९७१ मध्ये बहुसांस्कृतिक धोरण स्वीकारलं, तेव्हा मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी एक सूत्र तपासायला घेतलं: ज्याला आपली भाषा आणि रीत सुरक्षित वाटते तो दुसऱ्याला जागा देतो. हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. मुंबईत मराठीची पाटी दिसेनाशी झाली की मन आकसतं, हे आपण जाणतो. तसंच समोरच्याचंही आकसतं.

सलोख्याच्या नावाखाली अन्याय झाकला जात नाही का?

जातो, आणि सलोख्याचं काम करणाऱ्यांनी हे सगळ्यात आधी कबूल करावं. तामार सागी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की वरचढ आणि दुबळ्या गटांना फक्त साम्यांबद्दल बोलायला बसवलं, तर दुबळ्या गटाला वाटू लागतं की आता आपल्याला न्याय मिळेल. वाटणीची वेळ आली तेव्हा वरचढ गटाने हात सैल केला नाही.

आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी जाहिराती पाहून खाजगी कंपन्यांना नोकरीचे अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नाव कुठे उच्चजातीय हिंदू, कुठे दलित, कुठे मुसलमान. दलित आणि मुसलमान नावांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. २००७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अशा ठिकाणी एकत्र इफ्तार किंवा तिळगूळ पुरत नाही. ज्या बैठकीत ‘तुमच्या पोराला नोकरी का मिळाली नाही’ हे बोलता येत नाही, तिथे बरोबरी नाही असं समजावं.

असहिष्णू माणसालाही सहन करायचं का?

त्याचं मत, हो. त्याची धमकी, बहिष्काराची हाक, हिंसेचं आवाहन, नाही. तिथे पोलीस आणि न्यायालय. तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी १९४५ मध्ये हा पेच मांडला तेव्हाही त्यांचं म्हणणं हेच होतं की जोवर युक्तिवादाने तोंड देता येतं तोवर तोंड बंद करू नये.

शाळेत काय करता येईल?

एकत्र बसवा आणि एकत्र कामाला लावा. दिल्लीतल्या श्रीमंत खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी राखीव जागा आल्या, तेव्हा पालक घाबरले होते. गौतम राव यांनी अभ्यास केला तर श्रीमंत मुलं जास्त उदार झालेली दिसली, आणि संघ निवडताना गरीब मुलांना डावलणं कमी झालं. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के जागांकडे ओझं म्हणून पाहणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. याच मुलांसाठी वेगळी तुकडी काढणारी शाळा मात्र हा सगळा फायदा दारातच सोडते.

आमच्या वस्तीत समिती काढायची तर कुणाला घ्यावं?

पुढाऱ्यांना सुरुवातीला नको. भांडण झालं की लोक आधी ज्याच्याकडे धावतात तो माणूस शोधा. तो बहुधा शिंपी, रिक्षावाला, अंगणवाडीताई किंवा दूधवाला असतो. दोन्हीकडचे सारखे घ्या आणि निम्म्या बायका असू द्या, कारण नळावरची बातमी पुरुषांना दुसऱ्या दिवशी कळते. व्हॉट्सअ‍ॅपवर काही भडक आलं तर पुढे पाठवण्याआधी दुसऱ्या बाजूच्या एकाला फोन करायचा, एवढा एकच नियम ठरवा. पहिले सहा महिने धर्म हा विषय पत्रिकेवर घेऊ नका. गटार घ्या, पाण्याची वेळ घ्या, रस्त्यावरचे दिवे घ्या. पोलीस चौकीतल्या हवालदारांना बोलवा आणि त्यांनाही त्याच सतरंजीवर बसवा. चहा आळीपाळीने एकेका घरून येऊ द्या. उठण्याआधी पुढच्या बैठकीची तारीख फळ्यावर लिहा, आणि त्या दिवशी पाऊस असला, तिघेच आले, तरी बसा.